अण्णा रस्ता विचारतात

आमचे अण्णा स्वतःच्या घरी जायचा रस्तासुद्धा विचारतात. थट्टा करत नाही. द्वारका चौकात माझं नळ आणि पाइपांचं दुकान आहे. एकदा दुकानाच्या पायरीवर उभा असताना मी पाहिलं, अण्णा एका रिक्षावाल्याला विचारत होते, "का हो, पंचवटीत कसं जायचं?" अण्णा पंचवटीत जन्मले, तिथेच वाढले, तिथूनच नोकरी करून निवृत्त झाले. रिक्षावाल्याला वाटलं गिऱ्हाईक आहे, त्याने फडक्याने सीट झटकली. अण्णांनी त्याचं सगळं बोलणं मान डोलावत ऐकून घेतलं, आभार मानले आणि पायी निघून गेले. रिक्षावाला त्यांच्या पाठीमागे जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मी त्यांना गाठून विचारलं, "अहो अण्णा, तुम्हाला पंचवटी माहीत नाही?"

"माहीत आहे की. पण विचारलेलं बरं, विलासराव."

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे, शोभाचे, थोरले भाऊ. लग्न केलं नाही. करावं की नाही हेही कोणाकोणाला विचारत राहिले असतील, तेवढ्यात वय निघून गेलं. आणि हा माणूस सरकारी मोजणी खात्यात जन्मभर काय करत होता, तर नकाशे काढत होता! पेठ, सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या पायवाटासुद्धा त्यांच्या पेनाखालून गेलेल्या. मी एकदा म्हणालो, "अण्णा, निदान तुम्ही तरी नकाशा बघून चालत जा." तर म्हणाले, "नकाशा कागद आहे हो. तो काही 'चहा घेणार का' म्हणत नाही."

माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो जुना आहे. सायकलच्या कॅरियरला पिशवी बांधून मी दारोदार नळ विकायचो. त्यातून गाळा घेतला, मग शोभाचं स्थळ आलं. अण्णा माझी चौकशी करायला निघाले. चहावाला झाला, न्हावी झाला, समोरचा माझा हाडवैरी पाइपवाला झाला. शेवटी एका दुपारी माझ्याच दुकानात येऊन मलाच विचारतात, "का हो, इथे विलास म्हणून नळांचा धंदा करणारा मुलगा आहे म्हणे. कसा आहे?"

मी म्हणालो, "हिरा आहे."

अण्णांनी घरी जाऊन सांगितलं, "बाकीचे सगळे बरं बोलले. एक जण मात्र फारच स्तुती करत होता. मुलाचा नातेवाईक असणार. मला संशय येतो." मुलगी पाहायला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा दार त्यांनीच उघडलं. सगळं घर हसलं. मी हसलो नाही. अजून हसलेलो नाही.

मोबाइल नुकते लोकांच्या शर्टाच्या खिशात दिसायला लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. मे महिना होता. अण्णांच्या भाड्याच्या दोन खोल्या पाडून मालकाला इमारत बांधायची होती. शोभाने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"अहो, अण्णांना आपल्याकडे आणू या. खालची पुढची खोली देऊ त्यांना."

"त्या खोलीत माझे पाइप आहेत. पाइप काय डोक्यावर ठेवू?"

"मी त्यांना या म्हटलंय. ते नुसतं बघू म्हणतात. तुमच्या तोंडून शब्द निघाल्याशिवाय ते यायचे नाहीत."

"कोकणातून आल्यावर सांगतो," मी म्हणालो. मुलांना समुद्र दाखवायचं मी कबूल केलं होतं, आणि माझी सेकंडहँड जीप दारात उभी होती. शोभा म्हणाली, "मग अण्णांनाही घेऊ." तिचा डाव मला कळला. चार दिवस त्यांना माझ्या शेजारी बसवायचं आणि माझं मन वळवायचं. मी म्हटलं, बसव. गिऱ्हाइकाला मन वळवू देण्याइतका मी कच्चा नाही.

अण्णा पुढच्या सीटवर खिडकीशी बसले. शोभा, सई आणि चिन्मय मागे. इगतपुरी यायच्या आत जीप तीनदा थांबली. "विलासराव, जरा हळू घ्या," म्हणून ते अर्धे बाहेर वाकत आणि म्हणत, "का हो, मुंबई रस्ता हाच ना?" समोर भलीमोठी पाटी! पाटीखाली उभा असलेला माणूस एकदा पाटीकडे बघे, एकदा अण्णांकडे. मग अण्णा त्याला गाव विचारत, पाऊसपाणी विचारत, पोराबाळांचं शिक्षण विचारत. मी हॉर्न वाजवला की मागून सई म्हणे, "बाबा, थांबा ना, मामा बोलतोय."

पेणच्या अलीकडे एकाला माणगावचा रस्ता विचारला, तर तो म्हणाला, "मी तिकडंच चाललोय," आणि दार उघडून मागे बसला. त्याच्या बरोबर दोन कोंबड्या. चिन्मय आनंदाने वेडा झाला. त्या गृहस्थाला सोडायला आम्ही मुख्य रस्ता सोडून त्याच्या मेहुणीच्या दारापर्यंत गेलो. तिने आम्हाला पोह्याचे पापड बांधून दिले. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलो होतो. अण्णा म्हणाले, "बघा. पाटीने पापड दिले असते का?"

दिवेआगरला मात्र माझं डोकं खरंच फिरलं. एका वाडीत राहायला खोली होती. मालक एक भाव म्हणाला. मी निम्म्यावर आणला, उठून चालू लागल्याचं नाटक केलं, जीपचं दारसुद्धा उघडलं. मालक आता हाक मारणार, तेवढ्यात ओट्यावरून अण्णांचा आवाज. ते मालकाच्या आईला सांगत होते, "नाही हो आजी, आता दुसरीकडे कुठे जाणार? मुलं पेंगुळलीत. आणि विलासरावांना तर तुमचं आंगण फार आवडलंय." मालक हसला आणि पहिल्या भावावर जाऊन बसला. त्या रात्री मी अण्णांशी बोललो नाही. शोभा माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी समुद्रावर जायला निघालो. समुद्र ऐकू येत होता, तरी अण्णांनी विचारलंच. ज्या पोरीला विचारलं तिने जवळची वाट दाखवली, आणि ती जवळ होती पायी जाणाऱ्यांना. दोन्ही बाजूंना चिरेबंदी गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, मध्ये जीप बुचासारखी बसली. पुढे एका घराचं आंगण, आंगणभर वाळत घातलेली आमसुलं, आणि हात वर करून ओरडत येणारी घरमालकीण. पुढच्या चाकापासून आमसुलं वीतभर लांब.

"गाडी हाय का रेडा?" ती ओरडली. "कुठं घुसवता?"

मी खिडकीतून उतरलो, कारण दार उघडायला जागा नव्हती. भांडायच्या तयारीनेच उतरलो होतो. पण अण्णा माझ्या आधी त्यांच्या खिडकीतून बाहेर पडून तिला विचारत होते, "बाई, आमसुलांना रस किती वेळा चोळता हो?" ती बाई सांगायला लागली. सांगता सांगता तिने मुलांना कोकमाचं सरबत दिलं. जीप मागे घेताना वाकून चाकं बघायला तिचा नवराही आला. मुलांनी आमसुलं हाताळून लाल झालेले हात मला दाखवले. मामाच्या सहलीला जीप लागते फक्त अडकायला, असं सई म्हणाली आणि शोभाला हसू आवरेना.

परतीच्या सकाळी मुलांच्या हट्टाने आधी श्रीवर्धनकडे निघालो. तो रस्ता पाण्याला चिकटून जातो. एका वळणावर वडाखाली एक म्हातारी ताडगोळे घेऊन बसली होती. अण्णा म्हणाले, "विलासराव, जरा—" मी थांबवली. मुलं आणि शोभा खडकांकडे उतरली. अण्णा म्हातारीपाशी जाऊन उकिडवे बसले. बराच वेळ झाला. ऊन चढायला लागलं म्हणून मी त्यांना उठवायला निघालो. जीपच्या मागून जात होतो, माझी चाहूल त्यांना लागली नाही.

म्हातारी म्हणत होती, "शिरवर्धन? ह्योच रस्ता. नाकासमोर जावा."

"रस्त्याचं नाही हो. दुसरं विचारायचं होतं," अण्णा म्हणाले. "समजा एक म्हातारा आहे. एकटा आहे. बहीण म्हणते, आमच्याकडे राहायला या. जावं का त्याने?"

"तुमीच ना त्ये म्हातारं?"

"समजा मीच."

"आन दाजी काय म्हन्तो?"

"ते काही बोलत नाहीत."

"मंग त्यालाच ईचारा की! बसलाय न्हवं का गाडीत?"

अण्णा एक ताडगोळा हातात घेऊन नुसता फिरवत राहिले. मग म्हणाले, "रस्त्यात कोणी नाही म्हटलं तर पुढे दुसरं कोणीतरी भेटतं, बाई. त्यांनी नाही म्हटलं, तर मग मी कोणाला विचारू?"

मी तसाच मागे फिरलो आणि जीपमध्ये जाऊन बसलो. मला भयंकर राग आला होता. कोणावर, ते मला ठरवता येईना. अण्णांवर काढावा तर ते ताडगोळ्यांची पिशवी सांभाळत, धोतराचा सोगा धरून, हळूहळू चढावरून येत होते. मुलं आली, शोभा आली. जीप सुरू केली. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर. मुलांच्या तोंडात ताडगोळे होते.

"अण्णा," मी समोर बघत म्हणालो, "सोमवारी दुकानाची पोरं बोलावून खालच्या खोलीतले पाइप हलवतोय. तुमचं सामान कधी न्यायचं?"

मागे पिशवी चाचपणारा शोभाचा हात थांबला.

"पाइप कुठे ठेवणार तुम्ही?" अण्णांनी विचारलं.

"गच्चीवर. पाइपांना पावसाचं काय? तुम्ही वार सांगा."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. एक मैल गेला असेल. मला वाटलं आता थांबा म्हणतील, कारण समोरून एक सायकलवाला येत होता. तो निघून गेला.

"विलासराव, एक विचारू?"

"विचारा."

"त्या खोलीला रस्त्याकडे खिडकी आहे का?"

माझ्या घराचा नकाशा अण्णांनीच काढून दिला होता. खिडकी कुठे आहे, केवढी आहे, ती उघडली की काय दिसतं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हतं. एरवी मी तिथल्या तिथे जीप थांबवून त्यांना तसं सुनावलं असतं.

"आहे, अण्णा," मी म्हणालो. "चांगली मोठी आहे."