होडीच्या तारांना सात चिंध्या

मोहाडीपासून कोसभरावर एक जलक्रीडा केंद्र होतं. केंद्रात एक शिडाची होडी होती, एक भांडारपाल होता आणि समोरच्या तलावात पाणी सोडून बाकी सगळं होतं. १९७७ साली होडी मुंबईहून ट्रकनं आली, तेव्हाही तलाव आटलेलाच होता. पुढं पावसाळे आले नि गेले, पण होडी चालवणारा कोणी आला नाही. शेवटी ती साठवणीत ठेवण्याचा हुकूम निघाला आणि तिची राखण भांडारपाल भोजराजच्या गळ्यात पडली. भोजराज तेव्हापासून हंगामीच होता. कायम व्हायला त्याला फक्त निरीक्षकाचा एक चांगला अहवाल हवा होता, आणि सहा वर्षांत निरीक्षक काही फिरकला नव्हता.

होडीबरोबर एक पत्रक आलं होतं. डोलकाठी आडवी करून छपराखाली ठेवावी. तिला उभी धरणाऱ्या तिन्ही पोलादी तारांना दुमड पडू देऊ नये, त्या जमिनीला टेकू देऊ नयेत, गोड्या पाण्यानं धुवून सुती कापडानं पुसाव्यात. तुटलेले पीळ, म्हणजे तारेतले तुटलेले बारीक धागे, दर महिन्याला कळवावेत. भोजराज मोठा आज्ञाधारक माणूस. त्यानं आपल्या क्वार्टरच्या खांबापासून कडुनिंबापर्यंत तिन्ही तारा ताणून बांधल्या. दर महिन्याच्या कागदावर 'तुटलेले पीळ: निरंक' असं लिहून तो मोकळा होई.

आता अंगणात ताणलेल्या तीन तारा पाहून कोणती बाई धुण्याची बादली घेऊन दुसरीकडे जाईल? त्याची बायको चंद्रकला तर मुळीच गेली नाही.

"अवो, सरकारी तार हाये ते!" भोजराज ओरडला.

"मंग? माहं लुगडं सरकारले चावते काय?"

आठवड्याभरात शेजारच्या देवकाबाईही आपलं धुणं घेऊन आल्या. पण एके दिवशी त्या तणतणत दारात उभ्या राहिल्या. "चंद्रकला, तुही तार काटते वं! नवंकोरं लुगडं फाटलं माहं!"

चंद्रकलानं तार चाचपली. सुईसारखं काहीतरी बोटाला टोचलं. तिनं फाटक्या लुगड्याची चिंधी त्या जागी करकचून बांधली, म्हणजे पुन्हा तिथं कोणी कपडा टाकायला नको. सहा वर्षांत अशा सात चिंध्या झाल्या.

आणि एके दिवशी दुपारी तलावाच्या पाळीवर जीप दिसली. निरीक्षक येत असल्याचं पत्र निरीक्षकसाहेब स्वतःच घेऊन येत होते. भोजराजनं तारांवरचं ओलं धुणं भराभर ओढलं, सगळं होडीत कोंबलं आणि वर ताडपत्री टाकली. चिंध्यांच्या गाठी मात्र काही केल्या सुटेनात.

"होडी दाखवा," साहेब जीपमधून उतरताच म्हणाले.

"होडी साठवणीत हाये जी."

"म्हणूनच पाहायचीय."

साहेब होडीपाशी गेले आणि थबकले. होडीच्या बुडातून पाण्याची धार लागली होती.

"हिच्यात पाणी कुठून आलं? तलाव तर कोरडा आहे!"

तेवढ्यात देवकाबाई फाटकातून आत आल्या. "चंद्रकला वं, माहं लुगडं कोठी गेलं?"

साहेबांनी ताडपत्री उचलली. आत दोन घरांचं धुणं एकमेकांच्या गळ्यात पडलं होतं. आपली नोकरी गेली, हे भोजराजला त्या क्षणी स्पष्ट दिसलं आणि त्याला अगदी रडूच यायला लागलं.

साहेब तारांकडे वळले. "ह्या चिंध्या कसल्या?"

"तिथं टोचते जी," चंद्रकला पुढं येऊन म्हणाली. "कपडा अडकते."

साहेबांनी खिशातला रुमाल तारेवरून फिरवला. चिंधीपाशी तो अडकला. दुसऱ्या चिंधीपाशीही अडकला. सातही जागी पीळ तुटलेले निघाले, आणि बाकी तार मात्र लख्ख होती, गंजाचा ठिपका नाही.

"अहो, मुंबईच्या गोदीत आमची माणसं रुमाल फिरवून असेच तुटलेले पीळ शोधतात, तरी त्यांच्या एक-दोन जागा सुटतात!" साहेब हरखून म्हणाले. "कुणाचं काम हे?"

भोजराजच्या जिवात जीव आला. "माहंच जी!"

साहेबांनी फाईल उघडली. "तुमच्या सहीचे बहात्तर कागद आहेत इथं. सगळ्यांवर निरंक लिहिलंय."

"ह्याहीनं कायचं केलं जी?" देवकाबाई म्हणाल्या. "सारं चंद्रकलानं केलं!"

साहेबांनी नाव नीट लिहून घेतलं.

दीड महिन्यानं हुकूम आला. तारांची देखभाल करणाऱ्या व्यक्तीस कायम करण्यात येत आहे. नाव, चंद्रकला. भोजराजला तिच्या हाताखाली हंगामी म्हणून चालू ठेवलं होतं. त्यानं हुकूम तीनदा वाचला, उलटून पाठीमागंही पाहिला.

आता रोज सकाळी भोजराज धुण्याची बादली घेऊन तारांपाशी जातो. चंद्रकला ओसरीवरच्या खुर्चीत वही उघडून बसते.

"सावकाश घाला जी," ती तिथूनच सांगते. "अन् टोचलं तं पयले जागा सांगा, बोटाले पट्टी मंग बांधा."