मसाल्याचे मानकरी

रूपालीचा काळा मसाला गूगलवर चौथ्या पानावर होता आणि चौथ्या पानापर्यंत जाण्याइतकी भूक कुणालाच लागत नाही. ज्या पुढच्या खोलीत ती पाकिटं भरायची, ती हायवेला लागून होती. महिनाअखेरीस ही खोली मोबाईल दुरुस्तीवाल्याला भाड्यानं द्यायची, असं सासऱ्यांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, जाहीर केलं होतं. अण्णांनी जाहीर केलेली गोष्ट वडीगोद्रीत सहसा होतेच.

खोली वाचवायची तर मसाला वर यायला हवा होता. रूपालीनं व्हिडिओ पाहून वेबसाईटला मार्कअप जोडलं. मार्कअप म्हणजे वेबसाईटवर गिऱ्हाइकाला न दिसणारी, गूगलनं वाचून आपल्या यादीत दाखवायची ओळख: हा मसाला, ही किंमत, इतके तारे, अभिप्राय अमक्याचा. थोड्याच दिवसांत दुकान पहिल्या पानावर आलं. खाली पाच तारे आणि नाव, तातेराव.

तातेराव हे अण्णांचे धाकटे चुलतभाऊ. त्यांनी मसाला खाऊन खरोखरच अभिप्राय लिहिला होता. अण्णांनी मोबाईल लांब धरून वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"तातेरावचं नाव छापलं, अन् माझं?"

"अण्णा, तुम्ही अभिप्राय लिहिलाच न्हाई."

"पत्रिकेत नाव यायला घरच्या मोठ्या माणसानं अर्ज करायचा असतो का?"

संध्याकाळी आत्येसासूबाईंचा, दैवशाला आत्यांचा, फोन आला. त्यांचंही दुःख तेच होतं.

"आत्या, ही काय लग्नपत्रिका न्हाई."

"न्हाई कशी? नाव छापलंय अन् सगळं जग बघून राह्यलंय."

भावकी रुसली तर खोली आजच जाईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती सगळ्यांची नावं घालायला बसली. पण मसाल्याच्या मार्कअपमध्ये एवढ्या मानकऱ्यांची सोय नव्हती. शोधता शोधता दुसरा प्रकार सापडला. त्यात आयोजक, सहकार्य, कलाकार असे ऐसपैस कप्पे होते. त्या प्रकाराचं नाव होतं 'कार्यक्रम'. अण्णा आयोजक झाले, तातेराव सहकार्यात गेले आणि दैवशाला आत्या उरलेल्या कप्प्यात, म्हणजे कलाकारांत. तारीख आणि ठिकाण भरल्याशिवाय गाडी पुढं जाईना, म्हणून तिनं येता रविवार आणि घरचा पत्ता टाकला. भावकी शांत झाली.

रविवारी सकाळी अंबडकडून एक जीप येऊन दारात थांबली. तिच्यातून नऊवारी आणि फेटे उतरू लागले.

"मसाल्याचा कार्यक्रम इथंच का? मोबाईलवर बघून आलो."

मागोमाग दुसरी जीप आली. जांब समर्थचं दर्शन घेऊन निघालेली मंडळीही वाट वाकडी करून आली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "दैवशालाबाईचं गाणं जेवणाआधी का नंतर?"

रूपाली खरं काय ते सांगणार, इतक्यात अण्णा उंबऱ्यावर आले. समोरचे सगळे त्यांना नावानं ओळखत होते. अण्णांची मान ताठ झाली.

"रूपाली, आयोजकाच्या दारातून माणूस उपाशी जात न्हाई. जल्दी चूल पेटव."

रस्सा झाला, भाकरी झाल्या. आत्यांनी आढेवेढे घेत दोन गवळणी म्हटल्या. पंगतीमागून पंगत उठली आणि खोलीतलं पाकिटामागून पाकीट फुटलं. पाहुण्यांनी रश्शाचं तोंडभरून कौतुक केलं, मसाला विकत मागितला. पण द्यायला चिमूटभरही उरला नव्हता.

सगळे गेल्यावर रूपाली रिकामी खोली झाडू लागली. खोलीही गेली, मसालाही गेला. तिला रडू आलं. तेवढ्यात अण्णा मोबाईल घेऊन आत आले.

"हे काय? सकाळी माझं नाव बराबर दिसत होतं. आता दिसंना."

"तारीख होऊन गेली ना, अण्णा. झालेला कार्यक्रम ते दाखवत न्हाई."

"मंग पुढची तारीख टाक की."

"पण खोली त्या मोबाईलवाल्याला..."

"त्याला सांगतो बिलकुल न्हाई म्हणून. माणसं आली तर बसवायची कुठं?"

अशा रीतीनं खोली वाचली. आता दर महिन्याला तिथं पंगत बसते. रूपाली महिनाभर मिरच्या भाजते, कुटते, पाकिटं भरते. विकायला मात्र अजून एकही उरलेलं नाही.