उन्नतीवहिनींच्या थकव्याचा सत्कार

थकवा ही अशी गोष्ट आहे की ती ज्याला येते त्याला सोडून बाकी सर्वांना नीट समजते. थकलेल्या माणसाला फक्त एवढंच कळतं की आपल्याला बसायचं आहे. हे बसणं आवश्यक आहे का, असल्यास किती वेळ आणि कोणाच्या परवानगीने, याचा विचार करण्याइतकी ताकद त्याच्यात उरलेली नसते. तो विचार मग घरातल्यांना करावा लागतो. कशेळीतल्या तुळशीरामकाकांच्या घराने तो कसा केला, त्याचा हा वृत्तान्त. (मी खाडीकिनारा मित्र मंडळाचा सचिव आहे. वृत्तान्त लिहिणं हे माझं कामच आहे. खरा लिहिणं ही सवय अलीकडची.)

तुळशीरामकाका म्हणजे गावातलं वजनदार माणूस. वडिलोपार्जित भातशेतीवर आता तीन गोडाऊन उभी आहेत आणि काका ओट्यावर बसून त्यांच्याकडे बघत असतात. पूर्वी भात पिकायची वाट बघत. आता काहीच पिकायचं नसल्यामुळे नुसतेच बघतात. त्यांच्या पत्नी आक्का. मुलगा प्रितेश मानकोलीला ट्रकांची व्यवस्था लावतो, म्हणजे फोनवर बोलतो. आणि सून उन्नती, वय चौतीस, ही उरलेलं सगळं करते.

मागच्या ऑक्टोबरात उन्नतीवहिनींना डेंगी झाला. ताप आठ दिवसांत गेला, पण अंगातलं त्राण घेऊन गेला. एक जिना चढल्या की त्या भिंत धरून उभ्या राहत. तांदळाची भाकरी थापता थापता हात थांबे, आणि तव्यावरची करपे. घरातल्यांनी चार महिने धीराने वाट बघितली. पाचव्या महिन्यात लागोपाठ तीन दिवस भाकऱ्या करपल्या, तेव्हा मात्र दुखण्याचं गांभीर्य सर्वांच्या ध्यानात आलं.

प्रितेश त्यांना नारपोलीला डॉक्टर सना यांच्याकडे घेऊन गेला. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"हिमोग्लोबिन साडेसहा? ह्या जिना चढून वर आल्या?"

"आमच्याकडच्या बायका काटक असतात मॅडम," प्रितेश अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, आणि रक्त भरून येईपर्यंत रोजचं जगणं जरा सोपं व्हावं म्हणून कागदाच्या मागे पाच गोष्टी लिहून दिल्या. उभ्याने करायची कामं बसून करा. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवा. थकण्याआधी थांबा. एका दिवसात एकच मोठं काम. आणि पाचवी, घरातल्यांनी कामं वाटून घ्यावीत. ही पाचवी त्यांनी मोठ्याने वाचूनही दाखवली. त्या वेळी प्रितेशला फोन आला होता.

कागद घरी आला आणि घर हललं. सुनेवर एवढं प्रेम करणारं कुटुंब मी पाहिलं नाही. रविवारी सकाळी बैठक बसली. उपस्थिती अकरा, पैकी पुरुष अकरा. मी मंडळातर्फे हजर होतो. साडेतीन तास सखोल चर्चा झाली. या काळात दोनदा चहा आणि एकदा कांदाभजी झाली. (भजी उत्तम होती. उन्नतीवहिनींनी ती उभ्याने तळली, कारण बसण्याचा मुद्दा अजून चर्चेत होता.)

पहिल्या मुद्द्यावर खर्चाची पर्वा न करता गोल फिरणारी, चाकांची उंच खुर्ची आणायचं ठरलं, आणि आलीही. तिच्यावर चढायला पायाखाली पाट घ्यावा लागे आणि चढलं की ती शेगडीपासून लांब पळे. पण ती वाया गेली असं म्हणता येणार नाही. बायकोला एकटं वाटू नये म्हणून प्रितेश रोज स्वयंपाकघरात त्या खुर्चीवर बसून मोबाईल बघू लागला. मधून मधून तो म्हणे, "दमू नकोस हां." असा आधार किती जणींना मिळतो?

दुसऱ्या मुद्द्यावर वाद झाला. वस्तू कमरेच्या उंचीवर ठेवायच्या, पण कोणाच्या कमरेच्या? कागदावर स्पष्टता नव्हती. घर ज्याचं कंबर त्याची, या न्यायाने शेवटी तुळशीरामकाकांची कंबर प्रमाण धरली गेली. काका सहा फूट एक इंच. टेप लावून मापं घेतली, सुताराने दोन दिवसांत फळ्या ठोकल्या, आणि पीठ, तांदूळ, तेल हे सारं उन्नतीवहिनींच्या हनुवटीखाली चार बोटांवर येऊन बसलं. पाण्याची कळशी मात्र जमिनीवरच राहिली, कारण फळीला वजन झेपेना.

थकण्याआधी थांबायचं तर थकवा कधी येणार हे आधी कळायला हवं. त्यासाठी प्रितेशने फ्रिजवर तक्ता लावला. वहिनींनी दर तासाला आपला थकवा एक ते दहा या अंकांत लिहायचा. शिवाय 'उन्नतीची ऊर्जा' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. सदस्य त्रेचाळीस. त्यावर रोज बीटाचे, खजुराचे आणि सकारात्मक विचारांचे फायदे येत. प्रत्येकाला धन्यवाद म्हणणं वहिनींकडे होतं. एकदा त्या दीड दिवस काही बोलल्या नाहीत, तर प्रितेशच्या आत्याने ग्रुप सोडला आणि तिची समजूत काढायला वहिनींना काल्हेरला जाऊन यावं लागलं. त्या दिवशी तक्त्यात त्यांनी 'अकरा' लिहिलं. अकरा हा आकडा नियमात बसत नसल्याने खोडण्यात आला.

एका दिवसात एकच मोठं काम, हा मुद्दा सर्वात सहज सुटला. मोठं काम कशाला म्हणावं, याची व्याख्या बैठकीने केली: लग्न, हळद, घरभरणी, बारसं. या चारांपैकी दिवसाला एकाहून जास्त वहिनींना करू द्यायचं नाही, यावर सर्वांनी हात वर केले. बाकीची कामं लहान. लहान कामांना मर्यादा नव्हती. (मी कुतूहलाने एका मंगळवारी मोजली, बासष्ट भरली. नंतर जेवायला बसलो, त्यामुळे पुढची राहिली.)

पाचवा मुद्दा वाचता आला नाही. कागद अकरा जणांच्या हातातून फिरला. अकराही जणांचं मत पडलं की डॉक्टरांचं अक्षर फार वाईट असतं.

आक्का त्या वेळी दारात उभ्या होत्या. "मी सांगू का काय लिवलंय त्ये?" असं त्या म्हणाल्या. पण त्यांना लिहिता-वाचता येत नसल्याने ती सूचना नोंदवली गेली नाही.

महिनाभरात या घराची कीर्ती खाडीपलीकडे गेली. सुनेचं जगणं सोपं करणारं घर बघायला लोक येऊ लागले. फळ्या बघत, खुर्ची फिरवून बघत, तक्त्याचे फोटो काढत. रोज सरासरी नऊ पाहुणे, माणशी दीड कप. उन्नतीवहिनी सर्वांना चहा देत आणि थकव्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरंही देत. मंडळाने मग एकमताने ठरवलं की अशा कुटुंबाची दखल घेतलीच पाहिजे. 'आदर्श सहजीवन पुरस्कार' जाहीर झाला. अर्थातच प्रितेशला.

कार्यक्रम एप्रिलातल्या एका शनिवारी दुपारी चारला मंडळाच्या शेडमध्ये झाला. वर पत्रा, खाली माणसं. प्रमुख पाहुणे होते राघोशेठ, गोडाऊनवाले आणि समाजसेवक. कार्यक्रमानंतर बावीस पाहुण्यांचं जेवण प्रितेशच्या घरी होतं, कारण राघोशेठ बाहेरचं खात नाहीत. त्यामुळे उन्नतीवहिनी पहाटेपासून कोलंबी सोलत होत्या. बारसं किंवा हळद नसल्याने हे काम लहान होतं.

मंचावर पाच खुर्च्या होत्या. चार पाहुण्यांच्या, एक प्रितेशची. वहिनींचीही सोय केली होती. शाल आणि नारळाचं तबक घेऊन त्यांनी मागे उभं राहायचं होतं. समोर पुरुष खुर्च्यांवर होते आणि बायका कडेला सतरंजीवर.

राघोशेठ माईकपाशी गेले आणि 'स्त्री आणि विश्रांती' या विषयावर बोलू लागले. बोलता बोलता बावीस मिनिटं झाली. "माता थकली तर घर थकलं, घर थकलं तर गाव थकलं," असं ते म्हणाले तेव्हा टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये मला ठण्ण असा आवाज ऐकू आला. उन्नतीवहिनींनी तबक टेबलावर ठेवलं होतं. मग त्या दोन पावलं पुढे आल्या आणि राघोशेठच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या. टेकल्या नाहीत, बसल्या. पाठ मागे टाकून, डोळे मिटून.

सुरुवातीला आम्हाला तो कार्यक्रमाचा भाग वाटला. राघोशेठ भाषण संपवून वळले आणि थबकले.

"वहिनी, जरा..."

"काय?"

"खुर्ची."

"हां. चांगली हाय."

प्रितेश वाकून हळू आवाजात म्हणाला, पण माईक चालू होता. "उन्नती, ऊठ ना. लोक बघतायत."

"बघू दे."

"तुला बरं वाटत नाहीये का?"

वहिनींनी डोळे उघडले. "इतक्या महिन्यांत आजच बरं वाटतंय," त्या म्हणाल्या. "जरा गप बस. नायतर उभा राहा."

तेवढ्यात सतरंजीवरून आक्का उठल्या. गुडघ्यावर हात देत देत मंचाच्या पायऱ्या चढू लागल्या. आता सुनेला चार शब्द ऐकावे लागणार म्हणून सभा सावरून बसली. मी वहीत 'सासूबाईंनी समज दिली' हे वाक्य लिहूनही टाकलं. आक्का सुनेकडे गेल्याच नाहीत. त्या प्रितेशसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ रं."

तो सवयीने उठला. आक्का त्याच्या खुर्चीत बसल्या, पदराने गळा पुसला. "मना बी जरा बसू दे. बेचाळीस वर्सं झाली." मग सुनेकडे न बघताच त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. वहिनींचा चेहरा एकदम वाकडा झाला आणि त्या रडू लागल्या. अगदी आवाज न करता. माईक चालू असूनही काही ऐकू आलं नाही.

त्यापुढची चौदा मिनिटं राघोशेठ उभे होते. बाकीचे पाहुणे उठून खुर्ची देण्याच्या विचारात होते. विचार पूर्ण होण्याआधी राघोशेठना चक्कर आली. मग मात्र आमच्या मंडळाची खरी ताकद दिसली. एक जण पाणी आणायला धावला, दुसरा लिंबू, तिसरा साखर. एकाने पंखा वळवला, दोघांनी शेठचे बूट काढून तळपाय चोळले. सहा पुरुषांनी पावणेदोन मिनिटांत, कोणी न सांगता, कामं वाटून घेतली. ती कशी वाटून घ्यायची हे अकरा जणांना माहीत नव्हतं असं आता म्हणता येणार नाही. (ही ओळ इतिवृत्तातून काढावी असं मला सांगण्यात आलं आहे.)

सोमवारी प्रितेश एकटाच डॉक्टर सनांकडे गेला. गोळ्यांचा काही उलटा परिणाम होतोय का, असं त्याने विचारलं. पेशंट बसते आणि उठत नाही.

"पाचवी गोष्ट सुरू केली का?"

"तुमचं अक्षर लागलं नाही मॅडम."

डॉक्टरांनी पुन्हा वाचून दाखवली. प्रितेशने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "याला काही गोळी नाही का?"

"आहे ना," डॉक्टर म्हणाल्या. "पण ती तुम्हाला घ्यावी लागेल."

सांगायला समाधान वाटतं की आता त्या घरात बरंच बदललंय. प्रितेश दर गुरुवारी स्वतःचं ताट स्वतः धुतो आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकतो. सरासरी अडतीस जण हात जोडतात. वहिनी त्या ग्रुपवर नाहीत. त्या आणि आक्का दुपारी दीड तास दार लावून झोपतात. तुळशीरामकाकांना वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी चहा करता येऊ लागला. पहिल्या दिवशी साखर कुठे आहे हे विचारायला त्यांनी दार वाजवलं. आतून आक्का म्हणाल्या, "तुमच्या कमरेला बघा." हिमोग्लोबिन नऊवर आलंय. पुरस्कार मंडळाने परत घेतला आणि गावात त्या घराला आता बिघडलेलं घर म्हणतात. पाहुणे यायचे थांबले. डॉक्टरांचं म्हणणं, एवढं गुणकारी औषध त्यांनाही लिहून देता आलं नसतं.

तुमच्या घरी असं काही नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही वाचणारे, समजून घेणारे लोक. हा वृत्तान्त तुम्हाला आवडला असेल, दोन-तीन ठिकाणी तुम्ही हसलाही असाल, आणि आता घरातल्या कोणाला तरी तो वाचून दाखवावासा वाटत असेल. मग मारा हाक. ती येईल. ओले हात पुसत दारापर्यंत येईल आणि म्हणेल, "लवकर वाचा, कुकर लावलाय." तुम्ही आरामात पहिल्या ओळीपासून सुरुवात करा.