मेलेला मोबाईल हाय का?

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर टीव्हीचा जुना रिमोट फोडला. पेचकस माझ्या हातात, तोंड कौसाचं. "उलटं फिरवा की ओ! जन्मभर उलटं वागलात, आन् आता नेमकं सुलटं फिरवून राहिलात!"

कौसा म्हणजे माझी बायको. तिच्या बहिणीच्या पोरानं, पश्यानं, नांदेडात शेड घेतलं. मेलेल्या मोबाईल-कम्प्युटरातल्या हिरव्या पट्ट्यांतून सोनं-तांबं काढायचा कारखाना. कौसानं त्याला आपल्या पाटल्या देऊन टाकल्या. मला विचारलं न्हाई, सांगितलं. पश्या म्हणला, "मावशी, आता तू गुंतवणूकदार." शब्द तिला लई आवडला. भाजीवालीलाबी सांगायची, "मी गुंतलेली हाय बाई."

तेव्हापासून माणूस दिसला की पहिला सवाल, "मेलेला मोबाईल हाय का?" मुदखेडला आमचे पाहुणे, अण्णा, वारले, भेटायला गेलो. ही त्यांच्या बायकोच्या गळ्यात पडून रडली, चहा पिली, आन् निघताना डोळे पुसत म्हणली, "अण्णांचा फोन पडूनच असंल न्हाई आता?" मी चपला शोधायच्या निमित्तानं तोंड लपवलं. फोन मिळाला मात्र.

बाकीचे गुंतवणूकदार लातूरचे. एक डॉक्टर, एक कापडवाले शेठ. गाडी घेऊन प्रगती बघायला यायचे. एका बैठकीत पश्यानं पहिल्यांदा निघालेला सोन्याचा मणी वाटीत घालून फिरवला. हरभऱ्याच्या डाळीएवढा.

डॉक्टर म्हणले, "प्रगती फार हळू आहे."

शेठ म्हणले, "पैसे काढून घ्यावेत म्हणतो मी."

पश्याचं तोंड उतरलं. वाटी कौसापाशी आली. तिनं मणी दाताखाली धरून पाहिला आन् सरळ पदराला गाठ मारली.

"मावशी, तो सगळ्यांचाय!"

"असंल. माझ्या पाटलीचा रंग मी वळखते. आन् शेठ, काढून घेता येतं तर त्याला गुंतणं कशाला म्हणायचं ओ?"

शेठ हसले. "बरं आजी, दिवाळीपर्यंत बघू." पदरातला मणी सोडवायला पश्याला घरी येऊन पाया पडावं लागलं.

रिमोट फोडला त्याच दुपारी ती जरा पडते म्हणली, ती उठलीच न्हाई.

घर माणसांनी भरलं. सगळे रडले, चहा पिले, गेले. तिच्या फोनचं कुणी विचारलं न्हाई. मी तो रोज चार्जिंगला लावून राहिलो. कुणाचा येणार होता?

तेराव्याला पश्या म्हणला, "काका, मावशीचा हिस्सा काढून देतो. पाटल्या घडवून घ्या."

"बघू," म्हणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार्जर काढला. फोन पिशवीत टाकून शेडवर गेलो.

पश्यानं हातात घेऊन पाहिला. "काका, हा चालू हाय."

"बंद कर आन् फोड. हिस्सा ऱ्हाऊ दे तिथंच."

पोरगं पाठ फिरवून उभं राहिलं. मी बाहेर येऊन ऑटोत बसलो आन् ऑटोवाल्याला विचारलं, "मेलेला मोबाईल हाय का?"

त्याला ऐकू गेलं न्हाई, म्हणून परत विचारलं.