भिंतीवरचं शहाणपण आणि डॅमसनचा जॅम

"अर्नल्ड, जॅमवर लक्ष ठेव, मी अर्ध्या तासात आलेच!" असं नवऱ्याला बजावत विनी बर्टविसल फुलांची टोपली घेऊन चर्चकडे पळाली. फुलं सजवायची पाळी खरं तर दुसऱ्याच बाईची, पण ती ऐन शुक्रवारी दातदुखीने आडवी झाली होती.

शनिवारी थॉर्नबेक गावचं वार्षिक प्रदर्शन. तिथे गाजरांना, केकना, भोपळ्यांना, सगळ्यांनाच बक्षिसं असतात; पण खरा मान जॅमचा. अकरा वर्षं पहिला नंबर मागच्या गल्लीतल्या डोरीन क्रॅबट्रीचा आणि दुसरा विनीचा. पहिल्या नंबरचं लाल कार्ड हातात पडलं की डोरीन मान तिरकी करून म्हणायची, "तुझाही बरा होता हं, विनी." त्या 'ही'ने विनीची झोप उडायची. यंदा अंगणातल्या झाडाची उरलीसुरली सगळी डॅमसन, म्हणजे ती आंबट, जांभळी आलुबुखारं, तिने पातेल्यात घातली होती. गेलं तर सगळंच गेलं.

आता या घराची एक गंमत सांगायला हवी. विनीच्या आजीने आणि आईने जन्मभर एकच काम केलं, जुन्या म्हणी कापडावर भरणं. जिन्यात लवकर उठण्याबद्दल चौकट, दारावर खरं बोलण्याबद्दल, कपाटावर स्वयंपाकघरातल्या गर्दीबद्दल. अर्नल्डच्या खुर्चीतली उशीसुद्धा काहीतरी बजावत होती, पण चाळीस वर्षं ती त्याच्या पाठीखाली असल्यामुळे त्याने कधी वाचली नव्हती. चुलीवरची चौकट मात्र तोंडपाठ होती. टक लावून बसलं की पातेलं उकळतच नाही, अशी उतावळ्यांची त्यात चांगली कानउघाडणी केली होती. अर्नल्ड किटलीपाशी घुटमळला की विनी काही न बोलता तिकडे बोट दाखवायची.

अर्नल्ड पडला निवृत्त पोस्टमन. सूचना पाळण्यात हयात गेलेली. त्याने खुर्ची उचलली, चुलीकडे पाठ केली आणि अंगणाकडे तोंड करून पेपर उघडला. अगदी डोकावूनसुद्धा पाहिलं नाही, इतका भला माणूस!

जळका वास आला तेव्हा त्याला वाटलं, शेजारचा सिरिल पालापाचोळा पेटवतोय. सिरिलला वाटलं, अर्नल्ड घर पेटवतोय. सिरिल कुंपणावरून उडी मारून आत आला तोवर जॅम उतू जाऊन चूलभर पसरला होता आणि उरलेला बुडाला लागला होता.

"मेलो!" अर्नल्ड म्हणाला. "विनी माझा जीव घेईल."

"घाबरतोस काय? लिंबू पिळ, जळका वास जातो," सिरिल म्हणाला. तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला जॅममधलं काय कळतं, हे विचारायचं अर्नल्डला सुचलं नाही. चार लिंबं पिळली. तेवढ्यात सिरिलची बायको नेली धावत आली.

"लिंबू? अरे देवा! आता आलं घाला, आलं!"

"आलं नको, मध घाल," सिरिल म्हणाला.

"तू गप रे. तुला अंडं उकडता येत नाही."

आलं पडलं, मध पडला, पातळ झाला म्हणून साखर पडली. नेलीने ढवळता ढवळता डाव मध्येच सोडला, तर तो पातेल्यात ताठ उभा! तिघांनी मिळून ओढला तेव्हा डावाबरोबर पातेलंही वर आलं. तेव्हा कुठे अर्नल्डची नजर कपाटावरच्या चौकटीकडे गेली. स्वयंपाकघरात एवढी माणसं नकोत, हे आजीबाईंनी गुलाबी दोऱ्यात केव्हाच भरून ठेवलं होतं.

पातेलं शेडमध्ये दडवून अर्नल्ड मागच्या गल्लीने थेट डोरीनच्या दारात गेला. लाज कधीच गुंडाळून ठेवली होती.

"डोरीनबाई, डॅमसनचा एक डबा... म्हणजे बाटली... मिळेल का? खायला."

डोरीनने नाक वर करून हवेचा वास घेतला. तिला सगळं कळलं. "का नाही मिळणार?" म्हणत ती आत गेली आणि भलत्याच आनंदाने एक बाटली घेऊन आली. लेबल खरवडून काढलेलं होतं.

विनी परतली तेव्हा खिडकीत नवं झाकण लावलेली एकच बाटली उभी होती.

"जरा उतू गेला गं," अर्नल्ड चुलीकडे न बघता म्हणाला. "एवढीच वाचली."

विनीने बाटली उजेडात धरली, उलटी करून बराच वेळ बूड पाहिलं आणि "बरं," एवढंच म्हणाली. अर्नल्ड घाईने पेपरामागे लपला. दारावरची चौकट तर त्याच्याकडे डोळे वटारून बघत होती.

शनिवारी परीक्षकबाईंनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटले. "छान मुरलाय," त्या म्हणाल्या आणि लाल कार्ड विनीच्या बाटलीला टेकवलं. डोरीन दुसरी! सगळा तंबू टाळ्या वाजवत होता. विनी हसत होती, रडत होती आणि परत हसत होती. अर्नल्डला मात्र घाम फुटला होता. बायकोला आयुष्यातलं पहिलं लाल कार्ड मिळालं आणि तेही शत्रूच्या जॅमवर!

डोरीनने त्याला कोपराला धरून भोपळ्यांच्या टेबलामागे ओढलं.

"डोरीनबाई, माफ करा. मी आत्ता सगळ्यांना सांगतो, तो जॅम तुमचा..."

"खुळा आहेस का? आदल्या दिवशी मी माझा जॅम तुला देईन? ती विनीनेच गेल्या नाताळात मला दिलेली बाटली!" डोरीनचा चेहरा डॅमसनच्या रंगाचा झाला. "फडताळात पडली होती. उघडलीसुद्धा नव्हती मी. अर्नल्ड, तिला सांगू नकोस रे बाबा!"

अर्नल्डला तिथल्या तिथे नाचावंसं वाटलं. जॅम विनीचा, कार्ड विनीचं! आनंदाने त्याने समोरच्या भोपळ्याचा मुका घेतला.

संध्याकाळी लाल कार्ड चुलीच्या वर लटकत होतं, जुन्या चौकटीच्या खिळ्याला. चौकट काढून विनीने भिंतीशी टेकवून ठेवली होती.

"चहा ठेवलाय. किटलीकडे बघत बस," ती म्हणाली. "डोळे हलवायचे नाहीत."

अर्नल्ड बघत बसला. मग हळूच म्हणाला, "विनी, त्या बाटलीबद्दल..."

"तिच्या बुडाच्या काचेत एक बुडबुडा आहे. नाताळात डोरीनसाठी मीच भरली होती ती."

"म्हणजे तुला कालपासून माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

विनीने त्याच्या पाठीमागची उशी ओढून काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. अर्नल्डने चष्मा लावला. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने ती वाचली आणि तोंड मिटलं.

"शहाणा," विनी कपात दूध ओतत म्हणाली. "यंदाच्या नाताळात डोरीनला दोन बाटल्या देणार आहे मी. पुढच्या वर्षीची सोय नको का करायला?"