ताईच्या चेहऱ्याचा पंचनामा

माणसाने नोकरी सोडली की त्याच्यात दडलेला कलावंत बाहेर येतो आणि घरच्यांना त्याच्यासमोर बसावं लागतं, हा निसर्गनियम आहे. आमचे भावोजी विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करायचे. पन्नाशीला त्यांनी राजीनामा दिला आणि जलरंगात माणसांचे चेहरे काढायला घेतले. माध्यमाची निवड अचूक होती. जलरंगात चूक खोडता येत नाही, फक्त पाणी घालून पसरवता येते, आणि या कामाचा त्यांना दांडगा अनुभव होता.

पद्धतही जुनीच. माणसाला खिडकीशी बसवायचं, चष्मा कपाळावर चढवायचा आणि हानी कुठे कुठे झाली आहे ते शोधायचं. शेजारच्या वकिलांच्या चित्रात तीन हनुवट्या निघाल्या (वकिलांना दोनच मान्य आहेत). चित्र काढून घेतलेल्यांपैकी ऐंशी टक्के लोक हल्ली जिन्यात भेटले की घाईत असतात. उरलेले वीस टक्के म्हणजे मी. सख्खा मेहुणा पळून जाणार कुठे?

शेवटी आमच्या ताईची पाळी आली. बिचारी हात पुसत येऊन बसली. खरं सांगतो, चित्र अप्रतिम झालं. कपाळावरची आठी, ओठाच्या कडेची घडी, डोळ्यांखालची वर्तुळं, काही म्हणून सुटलं नाही. मला तर भरून आलं. भावोजींनी समाधानाने मान हलवली आणि सवयीने कोपऱ्यात पेन्सिलीने शेरा मारला: 'नैसर्गिक झीज'. (असा शेरा असला की कंपनीला भरपाई द्यावी लागत नाही.)

ताईने तो वाचला.

"नैसर्गिक?" ती म्हणाली. "ही आठी तुमच्या आईच्या आजारपणातली. ही घडी मला न विचारता राजीनामा दिलात, त्या दिवसाची. आणि ही वर्तुळं कधी पडली ते तुम्हाला कसं कळणार? तुम्ही शेजारी घोरत होतात."

भावोजींनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर उतरवला. म्हणाले, "दुसरं काढू का? जरा तरुण काढतो."

"काही नको. हेच लावा. तुमच्या जेवायच्या जागेसमोर."

चित्र तिथेच लागलं. सुरुवातीला भावोजी मान खाली घालून जेवायचे. जेवणाकडे इतकं लक्ष त्यांनी जन्मात दिलं नव्हतं. हल्ली वर बघतात. परवा तर ताईला म्हणाले, "तू बस, मी वाढतो." ती बसली, पण जरा घाबरूनच.

कलेने माणूस सुधारतो, तो असा. तरीही वाचकांनी हे वाचून उगाच ब्रश हातात घेऊ नये. 'मला बुवा चित्रकला येत नाही' असंच म्हणत राहावं. घरातल्या माणसाकडे वर्षानुवर्षं न बघण्यासाठी याहून सभ्य सबब नाही, आणि ती तुमच्याकडे आहेच.