गल्लीचं पाणी आणि मगदूम सर

आमच्या गल्लीतल्या मगदूम सरांपुढं कुणी पाण्याचा तांब्या ठेवला, की ते आधी खिशातनं काचेची नळी काढायचे. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचा एक थेंब टाकायचा आणि उजेडाला धरायचं. पाणी पिवळं झालं तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे सर बसणार. नाही झालं तर यजमानाला म्हणणार, "चला पावणं, टाकी बघू तुमची."

सरांच्या पुतण्यासाठी हुपरीला एका चांदीकामवाल्याची मुलगी बघायला गेलतो, तेव्हा पण हेच. मीही होते बरोबर. पोहे आले तरी सर गच्चीवर, टाकीत डोकं घालून. खाली आले ते पैंजण उजळायच्या खोलीला खिडकी का नाही म्हणून मुलीच्या बापालाच झापायला लागले. लग्न जमलं, पण सरांनी आधी त्या भिंतीत खिडकी पाडून घेतली.

जन्मभर ते कॉलेजात सार्वजनिक आरोग्य शिकवत होते. पोरांना वर्गात कमी आणि बाहेर जास्त. आज फौंड्रीत धूळ मोजायला, उद्या पूरग्रस्तांच्या छावणीत संडास तपासायला. एकदा एक कारखानदार पेढे घेऊन घरी आला. "सर, धुळीचा आकडा जरा कमी लिहा की."

सर म्हणाले, "आकडा माझा न्हाय, हवेचा हाय. तिला चारा पेढे."

माझं चटणी कांडपाचं यंत्र त्यांच्या भिंतीला लागून. मिरचीच्या धुळीवरनं आमचं रोज वाजायचं. "अक्का, तोंडाला फडकं!" हाच त्यांचा नमस्कार. त्यांच्या घरात कन्नड बोलतात, म्हणून मी अक्का. मी म्हणायची, "ठसक्याबिगर कोल्हापुरी चटणी व्हतीया व्हय?" पण बांधायची बाई फडकं. नाहीतर माणूस दारातनं हलायचाच नाही.

मग सरांची बायको, आमच्या सुमनकाकू, वारल्या आणि सरांनी बाहेर पडणंच सोडलं. कुणाची टाकी नाही, गटार नाही, काही नाही. मी मुद्दाम फडक्याशिवाय कांडप केलं, तरी एका शब्दानं बोलले नाहीत. असला राग आला मला, आणि रडूही. त्यात कळलं, मुलगा त्यांना कायमचं बंगळूरला नेणार आहे.

मी गल्ली गोळा केली. म्हटलं, "सर गेले तर आपल्यावर वरडायला कोण ऱ्हायलं?" सगळ्यांना पटलं. एरवी सर दिसले की दार लावून घेणारी माणसं ही!

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दारात तक्रारी घेऊन सगळी हजर. कुणाच्या पाण्याला वास, कुणाच्या पाण्याला रंग. बाळू दूधवाल्यानं तर कहरच केला, "सर, आमच्या टाकीत मासा हाय." मी त्याला चिमटा काढला. एवढं फेकायचं ठरलं नव्हतं.

सर चप्पल घालून निघाले. घरोघरी गेले, टाक्या बघितल्या, चहा घेतला. शेवटी माझ्याकडं आले. नळीत थेंब टाकला, तर पाणी पिवळंधमक, म्हणजे एकदम चांगलं. सगळीकडं तसंच निघालं असणार. मी खाली मान घालून उभी राहिले. म्हटलं, आता चांगलं झापणार.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मुलगा होता. सर नळीकडं बघतच बोलायला लागले, "अरे, गल्लीचं पाणी बिघडलंय हितं. मला यायला जमायचं न्हाय... न्हाय, किती दिवस ते सांगता येत न्हाय. लई खराब हाय पाणी."

उभ्या जन्मात या माणसानं असा खोटा निकाल दिला नव्हता.

फोन ठेवून त्यांनी नळी ओतून टाकली आणि हळूच म्हणाले, "अक्का, सांजच्याला परत येतो बघायला. घरात एकट्याला करमत न्हाय गं."

"मग जेवायलाच या की," मी म्हटलं.